चर्चा : आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) बोटीत लिपोचा कटऑफ चालू ठेवावा की बंद?

काठावरचा_नावाडी :

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीच्या निगेविषयी जे काही वाचायला मिळते, ते बहुतांशी विमाने आणि गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते, आणि बोटवाले तेच नियम मुकाट्याने पाळतात. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेले की मोटर तोडणारा ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) कटऑफ हा त्यांपैकीच एक. गाडीचा कटऑफ लागला तर मालक चार पावले चालत जाऊन ती उचलून आणतो. बोटीचा लागतो तेव्हा ती बहुधा तलावाच्या मध्यावर असते. रिसिव्हरला वीज मिळत राहते, सुकाणू इमानेइतबारे डावी-उजवीकडे वळते, पण मोटरच बंद असल्याने बोट वाऱ्याच्या मर्जीवर सोडावी लागते. मग कोणीतरी उत्साही माणूस गाळ आणि जलपर्णी यांची पर्वा न करता पाण्यात उतरतो, आणि मला खरी भीती त्याचीच वाटते.

शिवाय कटऑफ चुकीच्या वेळी लागतो. बॅटरी पॅकमधल्या एका सेलचा अंतर्गत रोध 5 मिलिओहम असेल आणि मोटर 80 अँपिअर ओढत असेल, तर प्रत्येक सेलमागे 0.4 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. विसाव्याच्या स्थितीत 3.8 व्होल्ट दाखवणारा, म्हणजे जवळपास निम्मा भरलेला सेल, पूर्ण थ्रॉटलला 3.4 वर येतो. कटऑफ 3.4 वर लावला असेल, तर निम्मी बॅटरी शिल्लक असताना बोट थांबते.

म्हणून माझे मत असे, की कटऑफ बंद ठेवावा आणि ट्रान्समीटरवरील टायमरवर विसंबावे. पॅक सेलमागे 4.2 व्होल्टपर्यंत पूर्ण भरून नेहमीच्या पद्धतीने तीन मिनिटे बोट चालवावी आणि चार्जरने किती एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे विजेचा साठा) परत भरले ते पाहावे. 5000 च्या पॅकमध्ये 1500 गेले, तर खर्च मिनिटाला 500. ऐंशी टक्क्यांहून जास्त साठा न वापरण्याची मर्यादा पाळायची तर आठ मिनिटे मिळतात. टायमर सातवर लावावा, म्हणजे काठावर परतायला वेळ उरतो.

मिलिओहम :

धागाकर्त्यांचे गणित बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मुळीच पटत नाही. टायमरला मिनिटे कळतात, अँपिअर कळत नाहीत. प्रोपेलरच्या दांड्याला शेवाळाची एक लड गुंडाळली गेली की विजेचा ओढा पाहता पाहता वाढतो, बोट मात्र नेहमीपेक्षा जड चालते एवढेच काठावरून दिसते, आणि टायमर आपला सात मिनिटांचाच धोशा लावून बसतो. पॅक जुना होत जातो तशी त्याची क्षमताही घटते. पहिल्या हंगामात मोजलेली मिनिटे तिसऱ्या हंगामात लागू पडत नाहीत.

लिपो सेल 3 व्होल्टच्या खाली ओढला की त्याचे आयुष्य कमी होते, हे सर्वांना ठाऊक आहे. तो फार खोल, दोन व्होल्टच्याही खाली गेला, तर आतल्या तांब्याच्या पत्र्याचा अंश विरघळू लागतो, पुढच्या चार्जिंगच्या वेळी तेच तांबे नको तिथे जमते आणि आतल्या आत शॉर्ट होण्याची शक्यता निर्माण होते. म्हणजे चूक तलावावर घडते आणि आग घरात लागते. अडकलेली बोट आणण्यासाठी मासेमारीचा गळ आहे, दुसरी बोट आहे, किंवा निमूटपणे वाट पाहणे आहे. पाण्यात उतरणे हा पर्यायच नव्हे, त्यामुळे त्या भीतीपोटी कटऑफ बंद करणे मला पटत नाही.

राहिला 0.4 व्होल्टचा प्रश्न. तो कटऑफचा दोष नसून पॅकचा आहे. वेष्टनावर 50सी (क्षमतेच्या 50 पट प्रवाह) छापलेल्या 5000 च्या पॅकने हिशेबाने 250 अँपिअर द्यायला हवेत. पण रोध 5 मिलिओहम असेल, तर तेवढ्या प्रवाहाला एकेका सेलमध्ये 300 वॉटहून अधिक उष्णता निर्माण होईल. तो छापील आकडा किती मनावर घ्यायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. कमी रोधाचा पॅक घ्या किंवा दोन पॅक समांतर जोडा, कटऑफ आपोआप योग्य वेळी लागेल.

काठावरचा_नावाडी :

समांतर जोडणीचा मुद्दा मान्य. मात्र वजन वाढते आणि लहान हल (बोटीचे धड) पाण्यावर उचलला जाईनासा होतो. पण ज्या कटऑफची आपण एवढी बाजू घेता, तो बहुतेक ईएससींमध्ये संपूर्ण पॅकचे व्होल्टेज पाहतो, एकेका सेलचे नव्हे. तीन सेलच्या पॅकला 3.2 ची मर्यादा लावली, तर तो 9.6 व्होल्टवर लागतो. दोन सेल 3.45 वर आणि तिसरा 2.7 वर असला तरी बेरीज 9.6 च भरते, म्हणजे आपला रखवालदार डोळे मिटून उभा असतो. आणि सेलची संख्या ईएससीने स्वतः ओळखायची अशी सेटिंग असेल, तर 12.6 व्होल्ट पाहून तो काय समजेल? पूर्ण भरलेला तीन सेलचा पॅक, की रिकामा होत आलेला चार सेलचा?

ब्रेमेनकर :

दोन्ही बाजू कटऑफ हा एकच प्रकार असल्याचे गृहीत धरत आहेत. अनेक ईएससींमध्ये मोटर एकदम तोडायची की हळूहळू शक्ती कमी करायची, हे निवडता येते. बोटीसाठी दुसराच पर्याय घ्यावा. बोट मंदावते, चालवणाऱ्याला इशारा मिळतो आणि रखडत का होईना, ती काठाला लागते. इथे जर्मनीत नोव्हेंबरमधल्या थंडीत गारठलेल्या सेलचा रोध वाढतो आणि नागपूरच्या मे महिन्यात निर्धास्तपणे चालणारी सेटिंग दोन मिनिटांत दगा देते, हेही लक्षात असावे. पॅकच्या बॅलन्स प्लगला लावायच्या, व्होल्टेज उतरल्यावर वाजणाऱ्या शिट्टीचा बोटीत काही उपयोग नाही, कारण टेपने बंद केलेल्या हलमधला आवाज काठापर्यंत पोहोचतच नाही. खर्च झालेले एमएएच ट्रान्समीटरवर दाखवणारी टेलिमेट्री बसवली, तर हा वादच उरत नाही.

शिडाची_होडी :

नागपूरचा उल्लेख झालाच आहे, तर एक भर घालते. बोटीतले फिरते पाणी मोटरला आणि ईएससीला थंड ठेवते, बॅटरीला नाही. ती बंद हलमध्ये स्वतःच्याच उष्णतेत बसलेली असते. पॅक बाहेर काढल्यावर हाताला चटका बसत असेल, तर कटऑफ कोणत्या आकड्यावर होता याला फारसा अर्थ उरत नाही. त्यातच पुढच्या रविवारसाठी आदल्या रविवारीच तो पूर्ण भरून उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवणारे लोक आहेत. ठेवणीतला सेल 3.8 ते 3.85 व्होल्टवर असावा आणि सावलीत असावा. फुगलेले पॅक मी जे पाहिले आहेत, ते बहुतेक अशाच ठेवणीतले होते.

मिलिओहम :

ताईंशी सहमत, पण ठेवण कितीही चांगली असली तरी पाण्यावर सेल खोल जाऊ देण्याची मुभा मिळत नाही. टेलिमेट्री असेल, तर 3.2 वर मंदावणारा कटऑफ मला चालेल. बंद ठेवणे मात्र कधीही नाही. नावाडी, शेजारच्या मुलाच्या हातात पहिली बोट देताना आपण कटऑफ बंद करून देणार आहात का?

काठावरचा_नावाडी :

नाही, त्याला चालू करूनच देईन, आणि वारा ज्या काठाकडे वाहत असेल त्या काठावर उभे राहून चालवायला सांगेन, म्हणजे मोटर बंद पडली तरी बोट वाहत त्याच्याकडेच येईल. माझ्या स्वतःच्या बोटीत मात्र तो बंदच राहील.