घरातली सायकल: ट्रेनर, रोलर की स्पिन बाइक? आपापले अनुभव लिहा

जून लागला की आमच्या ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो, "ट्रेनर कुठला घेऊ?" (ट्रेनर म्हणजे सायकल घरात जागच्या जागी चालवायचं यंत्र.) उत्तरं देणारे किंमत आणि वॉट (पायांच्या ताकदीचं माप) यांवरच बोलतात. यंत्र घरात आल्यावर काय होतं ते कोणी सांगत नाही, म्हणून हा धागा. तुमच्याकडे काय आहे, ठेवलंय कुठे, पुन्हा तेच घ्याल का, हे लिहा. "अमुकच बेस्ट" असे निकाल नकोत.

सुरुवात माझ्यापासून. कोथरूड, तिसरा मजला, साधा मॅग्नेटिक ट्रेनर. मागचं चाक न काढता त्यातल्या छोट्या रोलरवर टेकवायचं. वीज लागत नाही, दुमडून पलंगाखाली जातो. खरा खर्च टायरचा. रोजचा टायर तापतो, झिजतो आणि फरशीवर रबराची काळी पूड पडते. ट्रेनरसाठी वेगळा कडक टायर मिळतो, तो मी एका जुन्या चाकावर चढवून ठेवलाय. तो घालून रस्त्यावर मात्र जायचं नाही, ओल्यात पकड राहत नाही. एमटीबीचा (माउंटन बाइकचा) खाचांचा टायर लावलात तर घरात गिरणी सुरू झाल्यासारखं वाटेल. आणि टायरमधली हवा दर वेळी सारखी ठेवा, नाहीतर कालच्या आणि आजच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

घाटवेडा (नाशिक)

माझा डायरेक्ट ड्राइव्ह स्मार्ट ट्रेनर. मागचं चाक काढून सायकल थेट यंत्रावर चढवायची. विकत घेण्याआधी दोन गोष्टी बघा: सायकलची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) किती स्पीडची आणि एक्सल (चाकाचा आस) कुठला. डिस्क ब्रेकवाल्या रोड बाइकना हल्ली बहुधा 12 बाय 142 मिमीचा थ्रू एक्सल (आरपार जाणारा जाड आस) असतो, जुन्यांना क्विक रिलीज (खटक्याने सुटणारा बारीक दांडा). अडॅप्टर मिळतात, पण ते आधीच विचारून घ्यावेत. यंत्राबरोबर कॅसेट येतेच असंही नाही.

एक गोष्ट दुकानात कोणी सांगितली नव्हती. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल आणि चाक काढलेलं असताना चुकून ब्रेक दाबला गेला, तर पिस्टन बाहेर येतात आणि मग रोटर (चाकावरची ब्रेकची चकती) आत जात नाही. दोन पॅडच्या मधे प्लास्टिकचा स्पेसर घालून ठेवा. जाड पुठ्ठ्याची घडीही चालते.

एर्ग मोडमध्ये (यंत्र स्वतःच रोध कमीजास्त करतं) 180 वॉट लावले की गिअर कुठलाही असो, तेवढेच द्यावे लागतात. पाय मंदावले की रोध वाढतो, मग पाय आणखी मंदावतात, की अडकलात! अशा वेळी इंटरव्हल (जोरात मारायचा टप्पा) सोडून द्यायचा, पाय मोकळे फिरवायचे आणि पुन्हा सुरू. वीज गेली की माझं यंत्र निव्वळ ओझं.

बीआरएमवाल्यांना (ठरलेल्या वेळेत लांब अंतर कापायच्या राइड करणाऱ्यांना) मात्र एक सांगेन. 200 किमीला साडेतेरा तास मिळतात. तिथे वॉट दोन टक्के इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. तिथे लागते बैठक. ट्रेनरवर सायकल डुलत नसल्याने एकाच जागी भार येतो, तेव्हा दर दहा मिनिटांनी पेडलवर उभे राहा.

खिडकीतली (डोंबिवली)

वॉट राहू द्या, आधी खालचा मजला बघा. आमच्या खालच्या काकू एकदा सकाळी सकाळी वर आल्या, "अगं, रोज पहाटे मिक्सर लावतेस का?" माझा ट्रेनर तर 'सायलेंट' म्हणून घेतलेला. त्रास कानाला ऐकू येणाऱ्या आवाजाचा नव्हताच, फरशीतून उतरणाऱ्या थरथरीचा होता. योगा मॅटने काही झालं नाही. जिममध्ये असतात तसल्या जाड रबरी टाइल्स घातल्या, ट्रेनर खोलीच्या मधून हलवून भिंतीलगत घेतला आणि वेळ साडेसहाची केली. आता काकूंची तक्रार नाही.

दुसरं म्हणजे घाम. बाहेर वारा असतो, घरात नसतो. छताचा पंखा पुरत नाही, समोर स्टँडचा पंखा हवाच. हँडलवर टॉवेल टाका. आमच्याकडच्या दमट हवेत घाम मुरून माझ्या सायकलच्या हेडसेटचे (हँडल फिरतं तिथल्या बेअरिंगचे) बोल्ट गंजले.

तांबडा_पांढरा (कोल्हापूर)

रोलर! तीन ड्रम, वर सायकल, कुठेही बांधलेली नाही. पहिले काही दिवस दाराच्या चौकटीत, एक हात चौकटीला. नजर पुढे ठेवायची, चाकाकडे बघितलं की गेलात. पाय गोल फिरायला लागतात आणि सायकल सरळ रेषेत राहते. रोध कमी, त्यामुळे घाटाची तयारी होणार नाही. त्यावर बसून वेब सिरीज बघायची असेल तर दुसरं काहीतरी घ्या.

संत्री (नागपूर)

आमच्याकडे पावसापेक्षा मे महिना वाईट, म्हणून स्पिन बाइक (जिममध्ये असते तशी जागची सायकल). मी आणि हे, दोघंही वापरतो. सीट आणि हँडल वरखाली करायला अर्धा मिनिट. फिक्स फ्लायव्हील (पेडलशी कायम जोडलेलं जड चाक) असेल तर पाय एकदम थांबत नाहीत, थांबायला लाल नॉब दाबायचा. घरात लहान मूल असेल तर हे आधी लक्षात घ्या. आमची नात आली की बाइकच्या खोलीला कडी.

बर्फातला (मिनियापोलिस)

इथे हिवाळ्यात बेसमेंटशिवाय पर्याय नाही. ट्रेनरला जोडायच्या अ‍ॅपपैकी झ्विफ्टला महिन्याचे पैसे पडतात, मायवूश फुकट आहे. आधी फुकटचं वापरून बघा. 2020 साली यूसीआयची (सायकलिंगच्या जागतिक संघटनेची) पहिली ई-स्पोर्ट्स जागतिक स्पर्धा झ्विफ्टवर झाली. पुरुषांमध्ये जिंकला जेसन ऑस्बोर्न, जर्मनीचा रोइंगपटू! घरातले वॉट म्हणजे इंजिन. घोळक्यात चालवणं, वळणं, उतार हे रस्त्यावरच शिकावं लागतं.

नवाभिडू

वाचतोय. माझी 8 स्पीडची हायब्रिड, भाड्याचा फ्लॅट, चौथा मजला. फक्त पावसाळ्यात पाय चालू राहावेत एवढंच हवंय. काय घेऊ?

धागाकर्ता

@नवाभिडू, साधा मॅग्नेटिक, जमल्यास सेकंडहँड. दर सप्टेंबरात लोक विकायला काढतात. सायकल सोबत नेऊन लावून बघ, ट्रेनरचा स्टीलचा स्क्युअर (मागच्या चाकाच्या आसातला दांडा) मागून घे, आणि खाली कोण राहतं ते आधी विचार.