चामडी बांधणीच्या पुस्तकांवर बुरशी, खोबरेल लावू का?

खाडीकाठ:
मंडळी, गुहागरहून लिहितोय. ऐतिहासिक कादंबऱ्या जमवायचं वेड आहे. गेल्या वर्षी मुंबईत फोर्टात फुटपाथवर ड्यूमा या फ्रेंच लेखकाची थ्री मस्केटिअर्स मिळाली, ईस्टन प्रेस या चामडी बांधणीवाल्या अमेरिकन प्रकाशकाची, अस्सल लेदर, तिन्ही कडांना सोनं, आत रेशमी अस्तर नि सॅटिनची रिबिन, हातात घेतली नि घासाघीसच विसरलो. आषाढात कपाट उघडलंच नाही, आता गणपतीच्या साफसफाईला उघडलं तर कण्यावर तांदळाच्या पिठासारखं पांढरं नि वास म्हणजे ओल्या गोणपाटाचा. आई म्हणते खोबरेल लाव, चपलेला लावतो तसं. लावू का? आणि दुसरं, माझ्या स्वामी नि श्रीमान योगीच्या जुन्या प्रती लेदरमध्ये बांधून घ्यायचा विचार आहे, म्हणजे शेल्फावर शोभतील. कोणी केलंय का?

निवडुंग:
खोबरेल अजिबात नको!! चामडं काळं पडेल, तेल पानांत उतरेल नि वर धूळ चिकटेल ती वेगळी. आधी पुस्तक बाकीच्यांपासून बाजूला काढा. ओली बुरशी लगेच पुसायला जाऊ नका, ती आत घासली जाते. सावलीत, लांबून पंखा लावून, पुस्तक उभं करून पानं जरा पंख्यासारखी उघडी ठेवा, दोनतीन दिवस सुकू द्या, मग मास्क लावून बाहेर ओटीवर मऊ ब्रशने झाडा. कडक उन्हात ठेवू नका, रंग उडतो नि पुठ्ठा पापडासारखा वाकतो. हाताला पांढरंच लागतंय ना? लालसर भुकटी लागली तर ती बुरशी नव्हे, चामडंच आम्लाने कुजतंय, जुन्या इंग्रजी पुस्तकांना होतं ते. ते ब्रशने जात नाही.

आंबाडी_भाजी:
कपाट कुठल्या भिंतीला आहे ते आधी बघा हो! आमचं चिऱ्याचं घर, पावसाकडची भिंत नुसती पाणी पिते नि कपाट तिलाच चिकटलेलं. चार बोटं पुढे ओढलं, पुस्तकं ठासून भरायची बंद केली, निम्मा त्रास तिथेच गेला. एक हवेतली ओल दाखवणारा डिजिटल काटा आणून ठेवा, आकडा ६५ टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी आलीच समजा, आणि आपल्याकडे जुलैत तो ८५ च्या खाली यायला बघत नाही. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या उघड्या कपाटात टाकून काही होत नाही, पैसे पाण्यात. घट्ट झाकणाच्या डब्यात पुस्तक नि पुड्या एकत्र, तेही मे महिन्यात पुस्तक कोरडं असताना भरायचं. पुड्यांतले निळे दाणे गुलाबी झाले की तापवून परत वापरता येतात.

घाटावरचा:
बांधणीबद्दल सांगतो कारण माझे हात भाजलेत. आजोबांची एक जुनी कादंबरी हौसेने लेदरमध्ये बांधायला दिली, बांधणीवाल्याने कडा सारख्या दिसाव्या म्हणून तिन्ही बाजूंनी कापल्या आणि आजोबांनी समासात पेन्सिलीने लिहिलेलं अर्धं अर्धं गेलं. "वाक्य खोटं वा" एवढंच उरलंय, पुढे वाटतं होतं की वाईट ते देव जाणे. मुखपृष्ठही त्याने टाकून दिलं. तुमची स्वामी १९६२ ची पहिली आवृत्ती निघाली तर जमवणारा माणूस त्या मूळ मुखपृष्ठासाठी पैसे देतो, चामड्यासाठी नाही. शिवाय चपलेचं चामडं पुस्तकाला चालत नाही, बहुतेक बकरीचं वापरतात, तेही कडेला तासून पातळ केलेलं, नाहीतर सांध्यावर पुस्तक उघडतच नाही. शोभाच हवी तर कापडी पेटी करून घ्या पुस्तकाच्या मापाची. आपल्या हवेत कापडच बरं, खरं सांगायचं तर.

खाडीकाठ:
धन्यवाद सगळ्यांना. पांढरंच आहे, लाल नाही, सुकायला ठेवलंय. स्वामीची माझी बरीच नंतरची आवृत्ती निघाली, तरी आहे तशीच ठेवतो. कपाट पुढे ओढलं तर मागे भिंतीवर मातीची बारीक रेघ वरपर्यंत गेलेली, वाळवी. त्याचा वेगळा धागा काढतो.