अ‍ॅन्सिबल: ऐरोलीच्या सर्व्हरवर चुकीची व्हॅल्यू बसते, मदत हवी आहे

नमस्कार. मी ठाण्यात राहते, एका पॅथॉलॉजी लॅबचे सर्व्हर सांभाळते. पोस्टग्रेस या डेटाबेसचे चार सर्व्हर आहेत, दोन ऐरोलीत, दोन वाशीला. चारही अ‍ॅन्सिबलने, म्हणजे सर्व्हर आपोआप सेट करणाऱ्या साधनाने, एकाच रोलने (कामांच्या ठरावीक संचाने) सेट होतात. इन्व्हेंटरीत, म्हणजे सर्व्हरच्या यादीत, प्रत्येक सर्व्हर दोन ग्रुपमध्ये आहे: एक ठिकाणाचा, दुसरा 'डेटाबेस'.

ग्रुप व्हार्समधल्या (ग्रुपवार सेटिंग्जमधल्या) 'डेटाबेस'च्या फाइलीत मॅक्स कनेक्शन्स, म्हणजे एका वेळी चालणाऱ्या जोडण्यांची मर्यादा, १०० आहे. 'ऐरोली' आणि 'वाशी' दोन्ही फाइलींत ३००. वाशीला ३०० बसतं, ऐरोलीला मात्र १००च. दोन्ही फाइली शेजारी उघडून ओळ न् ओळ ताडून पाहिली, स्पेसचाही फरक नाही. इन्व्हेंटरीत ऐरोलीचा भाग डेटाबेसच्या खाली नेला, तरी तेच.

गुरुवारी रात्री शेवटी कमांडवरच एक्स्ट्रा व्हार्स (त्या रनपुरत्या व्हॅल्यू) देऊन ३०० बसवलं. रविवारी पहाटेच्या ठरलेल्या रनने फाइल परत १०० केली आणि हँडलरने (बदल झाला की चालणाऱ्या कामाने) पोस्टग्रेस रीस्टार्टही केलं. सोमवारी सकाळी साडेआठला काउंटरच्या स्क्रीनवर 'सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी'. समोर उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग. एक आजी पाऊण तास तशाच बसून होत्या. मला ते फार लागलं.

कुठली व्हॅल्यू कुठलीवर वरचढ, याची डॉक्युमेंटेशनमधली २२ पायऱ्यांची यादी वाचली. रोल डिफॉल्ट्स (रोलच्या मूळ व्हॅल्यू) तळाजवळ, होस्ट व्हार्स (एकेका सर्व्हरच्या व्हॅल्यू) ग्रुप व्हार्सच्या वर, एक्स्ट्रा व्हार्स सगळ्यांत वर, इथवर कळलं. पण माझ्या दोन्ही फाइली एकाच पायरीवर आहेत! मग कोण जिंकणार हे ठरतं कशावरून? मॅक्स कनेक्शन्स बदललं की रीस्टार्ट लागतोच, त्यामुळे दिवसा प्रयोग करता येत नाहीत. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
ताई, फाइली बरोबर आहेत, घोळ ग्रुपच्या नावांत आहे. एकाच पातळीवरचे ग्रुप अ‍ॅन्सिबल इंग्रजी वर्णक्रमाने घेतं आणि शेवटचा आधीच्यावर लिहितो. ए, डी, व्ही. ऐरोलीवर डेटाबेस लिहितो, डेटाबेसवर वाशी. म्हणजे वाशीचं जमलंय ते योगायोगाने. उद्या घणसोलीला सर्व्हर आला तर जमेल, बेलापूरला आला की पुन्हा हेच.

इन्व्हेंटरीत ऐरोली ग्रुपला अ‍ॅन्सिबल ग्रुप प्रायॉरिटी १० देता येते, मूळची १ असते. ती ग्रुप व्हार्सच्या फाइलीत लिहून उपयोग नाही, कारण त्या फाइलींचा क्रमच तिच्यावरून ठरतो. मी मात्र 'ऐरोली डीबी' असा वेगळा ग्रुप करून तो ऐरोली आणि डेटाबेस दोन्हींच्या पोटात घालेन आणि ३०० त्याच्या फाइलीत लिहीन. पोटातला ग्रुप पालकावर वरचढ ठरतो, नाव काहीही असो. वाशीचंही तसंच करा. अख्खा ऐरोली ग्रुप डेटाबेसच्या पोटात टाकू नका, तिथे वेब सर्व्हरही असतील.

रीस्टार्टची काळजी नको. अ‍ॅन्सिबल इन्व्हेंटरी कमांडला होस्टचं नाव द्या, ग्रुपांमधून शेवटी ठरलेली व्हॅल्यू दिसते, सर्व्हरला हातही लागत नाही. मग चेक (काही न बदलता चाचणी) आणि डिफ (काय बदलेल ते दाखवणं) लावून प्लेबुक, म्हणजे कामांची फाइल, चालवा.

धागाकर्ती:
मनापासून आभार! दोन्ही पोटग्रुप केले, चारही सर्व्हर ३०० दाखवतात. डिफमध्ये ऐरोलीला फक्त १०० ची ओळ बदलताना दिसते, वाशीला काहीच नाही. लॅब बंद झाली की आज रात्रीच खरा रन घेते, रविवारची वाट पाहत नाही.