शिरोलीची नोकरी सोडून चाकणला जावं का? पगार दीडपट, पण घर कोल्हापुरात

शिरोलीकर

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, मी क्वालिटी बघतो. सीटीसी, म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, 6.20 लाख, महिन्याला हातात 43 हजारांच्या आसपास पडतात. आता चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीची ऑफर आलीये, 9.50 लाख, असिस्टंट मॅनेजर, सप्लायर क्वालिटी, म्हणजे पुरवठादारांच्या मालाचा दर्जा बघायचा.

घरची बाजू अशी. बायको करवीर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, बारा वर्षं झाली. मुलगी तिसरीत. आई-वडील आमच्यासोबतच असतात. आईला साखर आहे. वडील अजून स्वतः उसाला पाणी पाजायला जातात, पण एकट्याने जायला नको असं वाटायला लागलंय.

आताच्या मालकांबद्दल तक्रार नाही, माणूस चांगला आहे. पण माझ्या वर एकच जागा आहे आणि तिथे बसलेले साहेब माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठे. म्हणजे पुढची पंधरा वर्षं मी याच खुर्चीत. बायको म्हणते जा, वडील काहीच बोलत नाहीत. तुम्ही काय केलं असतं? कारणासकट सांगा.

मोशीकर

जा. मी सांगलीहून आलो तेव्हा माझ्याही घरी हेच चाललं होतं.

वर जागा नाही हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. कोल्हापुरात फौंड्रीचं ज्ञान आहे, त्यात वाद नाही. पण बहुतेक कारखाने कुटुंबाचे. तिथे क्वालिटी हेडच्या वर डायरेक्टर, आणि डायरेक्टर घरातलाच. चाकणला सप्लायर क्वालिटीत पाच वर्षं काढलीत की पीपॅप (नवा पार्ट मंजूर करायची कागदपत्रं), ऑडिट, ग्राहकाशी थेट बोलणं हे सगळं अंगवळणी पडतं. मग तळेगाव, रांजणगाव, संभाजीनगर, कुठेही दार उघडतं. आणि कास्टिंगचे (ओतीव पार्टचे) पुरवठादार म्हटले की तुम्हाला शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथेच पाठवतील. महिन्यातून एखादी फेरी कंपनीच्या खर्चाने घरी होईल.

त्रास आहे तो आधीच सांगतो. तळेगाव चौक आणि आंबेठाण चौक संध्याकाळी जीव काढतात. पिंपरी-चिंचवडला 2019 पासून दिवसाआड पाणी आहे, सोसायटीत टँकरचा खर्च वेगळा. घर मोशीत घ्या, चाकण गावात नको. कंपनीची बस मोशीवरून जाते का ते आधी विचारा.

फौंड्रीवाला

मोशीकर, तुमचं तुम्हाला लाभलं, आनंद आहे. पण इथे तुम्ही एकट्या माणसाचा हिशोब मांडताय. याच्या मागे चार माणसं आहेत.

भावा, मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढलो. आमच्या आज्ज्याने ऑइल इंजिनाच्या पार्टवर सुरुवात केली. सप्लायर क्वालिटीचे साहेब आमच्याकडे ऑडिटला येतात, त्यांना जवळून बघतो. पहिली दोन वर्षं त्यांना कास्टिंग कळतं. पाचव्या वर्षी फक्त चेकलिस्ट कळते. ब्लोहोल (कास्टिंगमध्ये वायूने पडलेलं भोक) आला तर वाळूतली ओल बघायची, व्हेंटिंग (साच्यातून वायू बाहेर जायची वाट) बघायचं की ओतायचं तापमान, हे त्यांना आठवत नाही. ते 8डी रिपोर्टची, म्हणजे दोषाचं कारण आणि उपाय लिहायच्या अहवालाची, तारीख विचारतात. तुझ्या हातात जी विद्या आहे ती इथे रोज फर्नेससमोर उभा राहतोस म्हणून आहे. ती सोडून कागदावर जाणार असशील तर परत यायची वाट अवघड होते. चार वर्षांनी परत आलास तर इथला मालक तुला 9.50 देणार नाही, आणि कमी घ्यायला तुझं मन होणार नाही.

आणि गुरुवार! पिंपरी, भोसरी, चाकण पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. वहिनींची आणि पोरीची रविवारी. बुधवारी रात्री निघून पहाटे कोल्हापुरात पोचणार, दहाला पोरगी शाळेत गेलेली. तिला भेटणार कधी?

आकडेमोड

भावना बाजूला ठेवून आधी पैसे बघू, कारण "दीडपट" हा शब्द फसवा आहे.

9.50 भागिले 12 म्हणजे 79 हजार, असं मनात धरलं असेल तर ते पुसून टाका. अशा ऑफरमध्ये साधारण 10 टक्के व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा, हमी नसलेला भाग) असतं, म्हणजे 95 हजार. बेसिक निम्मं धरलं तर कंपनीचा पीएफचा वाटा 57 हजार, ग्रॅच्युइटीची तरतूद 23 हजारांच्या आत-बाहेर. हे सगळं सीटीसीतच मोजलेलं असतं. उरले पावणेआठ लाख, महिना साडेचौसष्ट हजार. त्यातून तुमचा पीएफ पावणेपाच हजार आणि व्यवसाय कर 200 गेला की हातात 59-60 हजार. नव्या करप्रणालीत या पगारावर आयकर लागत नाही, तेवढा दिलासा. पण त्या प्रणालीत घरभाड्याची सूटही नाही.

म्हणजे फरक 16-17 हजारांचा. मोशीत वन बीएचकेचं भाडं, मेस, येणं-जाणं धरा. एकटे राहून रूम शेअर केलीत तर काही उरेल. वेगळं घर केलंत तर पहिल्या वर्षी शून्य.

अजून एक. सध्याच्या कंपनीत किती वर्षं झाली? पाचच्या जवळ असाल तर ग्रॅच्युइटी सोडू नका, ती पाच वर्षं भरल्यावर मिळते.

शिरोलीकर

जूनच्या अखेरीस पाच वर्षं होतात. बेसिक 22 हजार. नोटीस दोन महिन्यांची, आणि ते मेमध्येच जॉइन व्हायला सांगतायत.

आकडेमोड

मग 22 हजार भागिले 26, गुणिले 15, गुणिले 5. साडेत्रेसष्ट हजारांच्या घरात. पाचव्या वर्षी 240 दिवस भरले तरी ग्रॅच्युइटी लागू होते असं काही न्यायालयांनी धरलंय, पण त्यासाठी भांडावं लागू शकतं. एचआरला सरळ सांगा, जुलैत येतो. सहा आठवडे थांबत नसतील तर त्यांना माणूस हवाय की भोक बुजवायचंय, ते तेव्हाच कळेल.

बदलीग्रस्त

मी स्वतः जिल्हा परिषदेची शिक्षिका. लग्नानंतर आंतरजिल्हा बदलीने पुणे जिल्ह्यात आले. वरच्या सगळ्या चर्चेत वहिनींच्या नोकरीचा उल्लेख फक्त सुट्टीपुरता आला, म्हणून लिहितेय.

"बायको नंतर बदली करून घेईल" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पती-पत्नी एकत्रीकरणाचा लाभ जोडीदार शासकीय, निमशासकीय किंवा अनुदानित संस्थेत असेल तर मिळतो. खाजगी कंपनीतला नवरा त्यात बसत नाही. मग राहिला सर्वसाधारण अर्ज, आणि तो रिक्त जागा, बिंदुनामावली (आरक्षणानुसार जागांचा तक्ता), दोन्ही जिल्हा परिषदा यांच्यावर अवलंबून.

बदली झालीच तर सेवाज्येष्ठता नव्या जिल्ह्यात शून्यावर येते. पगार तोच राहतो, पण यादीत तुम्ही शेवटी. मी आले तेव्हा माझ्या खाली एकही नाव नव्हतं. माझ्याहून सहा वर्षांनी उशिरा नोकरीला लागलेल्या बाई पदोन्नतीने पदवीधर शिक्षिका झाल्या, मी अजून उपशिक्षिकाच. वहिनींची बारा वर्षं अशीच जातील. तुम्हाला वरची खुर्ची मिळावी म्हणून त्यांनी तळाला जायचं, हे घरात स्पष्ट बोलून झालंय का? "बायको म्हणते जा" यात त्या तुम्हाला एकट्याला जायला सांगतायत की सगळ्यांनी जाऊ म्हणतायत?

मोशीकर

हा मुद्दा मला माहीत नव्हता, आणि तो वजनदार आहे. तरी मी "जा" वरच ठाम आहे, मात्र एकट्याने आणि ठरवून. फौंड्रीवाले दादा म्हणतात तशी विद्या जाईल, पण ती राहिली तरी इथे तिला भाव कोण देतो? इंडक्शन फर्नेसच्या वीजबिलावरून कोल्हापूरचे उद्योजकच किती वर्षं ओरडतायत, कर्नाटकात जाऊ म्हणतायत. उद्या ऑर्डरी घटल्या की कात्री पगारवाढीला लागते. चाळिशीनंतर चाकणवाले कोणी विचारणार नाहीत.

फौंड्रीवाला

वीजबिलाचं खरं आहे, ते मी स्वतः भरतो. पण ब्रेक ड्रम, पंप, ट्रॅक्टरचे पार्ट लागणारच आहेत, आणि वाळू कळणारा माणूस आजही शोधून मिळत नाही. म्हणून म्हणतो, आधी मालकासमोर बस. ऑफर आहे हे लपवू नकोस. मला माझ्या माणसाने असं येऊन सांगितलं असतं तर मी आठ लाखांपर्यंत गेलो असतो. न सांगता राजीनामा टाकणारे गेले की आम्हालाही चुटपुट लागते.

शिरोलीकर

सगळ्यांचे आभार. ताईंचा प्रश्न रात्री बायकोला विचारला. तिचं म्हणणं, "तुम्ही जा, मी शाळा सोडणार नाही आणि बदलीही मागणार नाही. पण आईंच्या तपासण्या आणि शेत दोन्ही माझ्यावर येणार असेल तर शेत खंडानं द्या." वडिलांसमोरच बोलली. त्यांनी खंडाला नाही म्हटलं, पण यंदाची तोड होईपर्यंत थांबायला सांगितलं.

त्यामुळे सोमवारी मालकांशी बोलतोय. साडेसात आणि एक्स्पोर्टच्या कास्टिंगची स्वतंत्र जबाबदारी दिली तर राहीन. नाहीतर चाकणला जुलैची जॉइनिंग, व्हेरिएबल गेली दोन वर्षं प्रत्यक्षात किती दिलं याचा आकडा, आणि महिन्यातून दोनदा गुरुवारऐवजी रविवारी सुट्टी, हे तीन लेखी मागणार.

मोशीकर, बस मोशीवरून जाते. विचारलं.