प्रोग्रामिंग शिकताना हाताशी कोणतं पुस्तक होतं?

भाची यंदा कॉम्प्युटरला गेली. "मावशी, सी या प्रोग्रामिंग भाषेसाठी कुठलं पुस्तक घेऊ?" असा तिचा फोन आला नि मी माळ्यावरचं खोकं काढलं. आत के अँड आर, म्हणजे कर्निगहॅन आणि रिची यांचं सी चं पुस्तक, १९८८ ची दुसरी आवृत्ती, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुनी घेतलेली. पाचवं प्रकरण, पॉइंटरचं म्हणजे मेमरीतल्या पत्त्यांचं, पार मळलंय. भारनियमनात मशीन बंद, मग मेणबत्तीपाशी वहीत ड्राय रन, म्हणजे प्रोग्राम ओळीओळीने कागदावर चालवून बघणं. कडेला माझेच पेन्सिलीचे चौकोन आणि बाण. बघून गलबललं. तुमचंही सांगा ना.

संत्रानगरी: कानेटकर सरांचं 'लेट अस सी'! आमच्या नागपूरचे. घरात कुणी कॉम्प्युटर पाहिला नव्हता, तरी पहिल्या पानापासून समजत गेलं.

रात्रपाळी: बालगुरुस्वामींचं सी चं पुस्तक. खोलीत चौघे, पुस्तक एक. परीक्षेच्या आदल्या रात्री माझी पाळी पहाटे ३ ला यायची. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

बांधावरून: मी मराठी माध्यमाचा. पहिलं वर्ष इंग्रजीच्या भीतीतच गेलं. पुस्तकात व्हेरिएबल, फंक्शन वाचायचो, काही केल्या डोक्यात शिरेना. मग एका सीनियर ताईने सांगितलं, अरे, बीजगणितातलं चल ते व्हेरिएबल, फल ते फंक्शन. x ची किंमत बदलते ना, तसंच. त्या रात्री ४० पानं वाचली. त्या ताईचे उपकार आहेत माझ्यावर.

रात्रपाळी: बांधावरून, काटा आला वाचून. माझ्या विद्यार्थ्यांना उद्याच सांगते हे.

निळा पडदा: टर्बो सी, सी लिहून चालवायचं ते जुनं सॉफ्टवेअर, आठवतंय का कुणाला? ७ चा फॅक्टोरियल (१ ते ७ चा गुणाकार) बरोबर, ५०४०. आणि ८ चा उणे २५२१६! दोन दिवस लूप (तीच पायरी पुन्हा पुन्हा चालवणारा भाग) तपासत होतो. मग पुस्तकात सापडलं, इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) १६ बिटचा, ३२७६७ च्या पुढे जागाच नाही. नुसतं वाचून हे कधी कळलं नसतं, टाइप केलं म्हणून कळलं.

संत्रानगरी: +१. आणि स्कॅनएफ (कीबोर्डवरून किंमत वाचणारं फंक्शन) मधला & विसरणे 😀

पुणे३०: अप्पा बळवंतला आता गाडी कुठे लावता? नववीची पुस्तकं आणायचीत.

रात्रपाळी: लावूच नका, शनिवारवाड्यापासून चालत जा.

दूरदेशी: लेकीला पायथन या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेसाठी 'ऑटोमेट द बोरिंग स्टफ' दिलं. लेखकाने ते साइटवर फुकट वाचायला ठेवलंय. जमाखर्चाची एक्सेल फाइल तिने स्वतः प्रोग्रामने भरली. मोठ्यांनी सी च्या हट्टापायी मुलांना अडवू नये असं मनापासून वाटतं.

धागाकर्ती: दूरदेशी, पटलं, पण हिच्या अभ्यासक्रमातच सी आहे. के अँड आर पाठवतेय, सोबत कोरी वही. पहिल्या प्रकरणातला शब्दांच्या लांबीचा हिस्टोग्राम (कोणत्या लांबीचे किती शब्द, त्याचा आलेख) करून फोटो पाठव म्हटलंय. बांधावरून, चल आणि फल तिला आजच सांगितलं.

पुणे३०: शनिवारवाड्यापाशी मिळाली जागा, धन्यवाद.