मदत हवी आहे: आइसलँडिक घोडी विकायची आहे, पण तिची खाज सांगूनच

नमस्कार मंडळी,

युरोपात राहणारे बरेच जण इथे वाचतात, आणि गावाकडे घोडे जवळून पाहिलेलेही आहेत, म्हणून विचारते. मोठं होईल, पण कृपया वाचा.

आम्ही जर्मनीत राहतो, हँबुर्गच्या दक्षिणेला, ल्यूनेबुर्गच्या माळरानाजवळ. दहा वर्षांपासून आमच्याकडे हेक्ला आहे. आइसलँडिक घोडी, वय १७, उंची १३८ सेंमी, वजन ३७० किलोच्या आसपास. रंग खैरा, आयाळ फिकट. लेकीसाठी घेतली होती. लेक आता म्युनिकला शिकते, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि नवऱ्याची नोकरी फिरतीची. गेले आठ महिने तिच्यावर धड कुणी बसलेलं नाही. तबेलेवाले वैरण-पाणी करतात, पण घोडीला रोज आपला माणूस लागतो. म्हणून विकायचं ठरवलंय. ठरवताना काय झालं ते लिहीत बसत नाही.

अडचण अशी. हेक्लाला उन्हाळी खाज आहे. इथे त्याला झोमरएक्झेम म्हणतात. क्युलिकॉइडिस नावाच्या बारीक चिलटांच्या लाळेची ही ॲलर्जी. आइसलँडमध्ये जन्मून नंतर बाहेर आलेल्या घोड्यांना ती फार होते, कारण लहानपणी ही चिलटं त्यांना कधी चावलेलीच नसतात. इकडेच जन्मलेल्यांना त्रास बराच कमी. हेक्ला सात वर्षांची असताना विमानाने आली. पहिला उन्हाळा बरा गेला, दुसऱ्या उन्हाळ्यात तिने आयाळ आणि शेपटीचं मूळ खांबाला घासून रक्तबंबाळ करून घेतलं. तेव्हापासून एप्रिल ते ऑक्टोबर अंगभर एक्झेमाची झूल, पहाटे आणि संध्याकाळी आत बांधणं, आत मोठा पंखा (चिलटं वाऱ्यापुढे टिकत नाहीत). एवढं नेमाने केलं की ती छान असते. एक आठवडा हयगय झाली की जखमा.

आता थंडीचा कोट आलाय. आत मऊ लोकर, बाहेर लांब राठ केस, पाठीवर बर्फ पडला तरी वितळत नाही इतकं दाट. आयाळही भरून आलीये. तबेल्यावरच्या एका अनुभवी बाईंनी परवा सुचवलं, "जानेवारीतच विकून टाक, आत्ता काहीच दिसत नाही." त्या वाईट नाहीत, त्यांना माझी काळजीच आहे. पण माझं माहेर शहाद्याकडचं. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत वडिलांबरोबर घोडेबाजार पाहत मोठी झाले. रुमालाखाली बोटं दाबून सौदा चालायचा, पण वडील म्हणायचे, भाव झाकून करावा, खोड झाकून विकू नये. ते डोक्यातून जात नाही. शिवाय नव्या माणसाला झुलीचं माहीत नसेल तर मे महिन्यात हाल हेक्लाचेच होणार.

माझे प्रश्न:

जाहिरातीत खाज पहिल्याच ओळीत लिहू की फोनवर सांगू? लिहिलं तर कुणी फोन तरी करेल का?

एका गृहस्थांनी रस जरूर दाखवलाय. पण ते म्हणतात, हिवाळ्यात केस मशीनने कापून, ब्लँकेट घालून बंद तबेल्यात ठेवू, म्हणजे घाम लवकर वाळतो. मला हे पटत नाही, पण मी चुकत असेन तर सांगा.

किंमत माझ्यासाठी दुय्यम आहे. ती पुन्हा पुन्हा हात बदलत फिरू नये, यासाठी कागदावर काय करता येतं?

अजून एक, कदाचित किरकोळ: गेल्या वसंतात तिचा कोट उशिरा झडला. एरवी एप्रिलअखेर खराऱ्याला पोतंभर केस निघतात, यंदा जून उजाडला तरी पोटाखाली लांब केस होते. वयामुळे असेल असं मी धरून चालले.

उत्तरवारा (स्वीडन)

ताई, माझ्याकडे दोन आइसलँडिक आहेत, त्यातली एक खाजवाली. पहिल्याच ओळीत लिहा. फोन कमी येतील, पण येतील ते कामाचे. खाजेच्या घोड्याबरोबर राहिलेले लोक इकडे खूप आहेत आणि त्यांना झुलीची भीती वाटत नाही. समुद्राजवळ किंवा उघड्या टेकडीवर राहणारं कुणी मिळालं तर फारच उत्तम. सतत वारा असला की चिलटं कमी. ओढा, तळं, पाणथळ कुरण असलेली जागा मात्र नको, घर कितीही चांगलं असो.

केस कापण्याबद्दल: जो घोडा हिवाळ्यात रोज जोरात पळवला जातो, घामाने निथळतो, त्याचे छातीवरचे-मानेवरचे थोडे केस कापतात. ते गैर नाही. पण १७ वर्षांच्या, सध्या फारसं काम नसलेल्या घोडीला पूर्ण भादरायचं कशासाठी? तिचे केस थंडीत उभे राहतात, मध्ये हवा अडकते, तीच तिची गोधडी. वरून ब्लँकेट टाकलं की ते केस दबतात. तिला हवा तीन बाजूंनी बंद आडोसा, कोरडी जमीन आणि दिवसरात्र थोडं थोडं चघळायला वाळलं गवत. गवत पचताना आतड्यात जी ऊब तयार होते, ती कुठल्याही कपड्यापेक्षा बरी. तिला कोरड्या थंडीचा त्रास नाही. पाऊस आणि वारा एकत्र आले की होतो.

साधा प्रश्न

अज्ञानाबद्दल माफ करा, पण तिला आइसलँडलाच परत पाठवता येत नाही का? तिथे खाजच होणार नाही.

धागाकर्ती

हा विचार मीही कितीदा केला. नाही येत. आइसलँडमध्ये बाहेरून कुठलाही घोडा आणता येत नाही, आणि तिथलाच घोडा एकदा बाहेर पडला की त्यालाही परत प्रवेश नाही. तिथल्या घोड्यांना बाहेरच्या साथींची सवय नाही म्हणून. वापरलेलं खोगीर-लगामसुद्धा नेता येत नाही. विमानात चढली तेव्हाच तिचं परतणं संपलं.

खूर आणि खरारा (पशुवैद्य)

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न किरकोळ नाही, खरं तर मी तोच पहिला घेतला असता. पंधराच्या पुढच्या घोड्यात कोट उशिरा झडणं हे पीपीआयडीचं, म्हणजे घोड्यातल्या कुशिंगचं (मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीच्या बिघाडाचं), लक्षण असू शकतं. दाट केसांच्या जातीत ते हमखास दुर्लक्षित राहतं, कारण सगळ्यांना वाटतं जातच केसाळ आहे. रक्तातलं एसीटीएच (त्या ग्रंथीचं संप्रेरक) तपासून घ्या. हे प्रमाण ऋतूप्रमाणे बदलतं, शरदात सगळ्याच घोड्यांचं वाढतं, म्हणून निकाल त्या महिन्याच्या मर्यादेशी ताडून बघायला सांगा. निघालंच तर पेर्गोलाइडची रोजची गोळी आहे, पुष्कळ घोडे त्यावर वर्षानुवर्षं चांगले राहतात. न कळता राहिलं तर खुरांचा दाह, म्हणजे लॅमिनायटिस, आणि तो फार वाईट.

दुसरं, बरगड्या बोटांनी चाचपा. नुसत्या नजरेने या कोटाखाली काही कळत नाही. घोडी जाड असो की हडकलेली, वरून गोलच दिसते. इन्सुलिनही त्याच नमुन्यातून बघून घ्या. आणि उन्हात चमकणाऱ्या, रात्री दंव गोठलेल्या गवतावर सोडू नका, त्यात साखर साठलेली असते.

उत्तरवारा

कागदांबद्दल राहिलं. विक्रीपूर्व तपासणी खरेदीदाराला स्वतःच्या डॉक्टरकडून करू द्या, मागच्या पायाच्या हॉकचा (घोट्यासारख्या सांध्याचा) एक्स-रे तो मागणारच, या जातीत तिथला स्पॅव्हिन, म्हणजे सांध्याची झीज, बराच आढळतो. जर्मनीत खाजगी विक्रेता करारात जबाबदारी नाकारू शकतो, पण माहीत असलेला आजार मुद्दाम लपवला असेल तर ते कलम टिकत नाही. म्हणून करारातच लिहा: उन्हाळी खाज आहे, अमुक काळजी लागते, खरेदीदाराने वाचलं. त्यातच पुढे विकायची झाली तर आधी तुम्हाला विचारायचं, असं पहिल्या हक्काचं कलम घाला. पासपोर्टमध्ये तिची 'कत्तलीसाठी नाही' अशी नोंद आहे का बघा, नसेल तर करून घ्या, ती नोंद नंतर फिरवता येत नाही. वर्ल्डफेंगुर या आइसलँडिक घोड्यांच्या नोंदवहीत मालकाचं नाव बदलायला विसरू नका.

तापीकाठ

शहाद्याच्या माणसाने लिहिलेलं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे बाजारात रेवाल चालीचा घोडा बघताना हातात पाण्याचा पेला देऊन बसवतात, पाणी सांडलं नाही तर चाल खरी. तुमची घोडी तशी चालते का?

धागाकर्ती

दादा, तिची टोल्ट, म्हणजे या जातीची खास चाल, तशीच आहे. चार टापांची, झोका न देणारी. लेक नऊ वर्षांची असताना हातात रसाचा पेला घेऊन बसायची, थेंब सांडायचा नाही.

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. सोमवारी रक्ताला माणूस येतोय. केस कापू म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना नकार कळवला. निकाल येईपर्यंत जाहिरात थांबवली आहे. पेर्गोलाइड लागलंच, तर खाज आणि गोळी दोन्ही सांभाळणारं घर शोधावं लागेल. वसंतापर्यंत वाट बघायची माझी तयारी आहे, लेकही सुटीत येऊन राहते म्हणतेय. जाहिरात लिहिली की इथेच टाकते. काही लपलंय असं वाटलं तर सांगा.