केमो सुरू, अन् घरात डाळीचे वांधे

प्रश्न: माझ्या भावाच्या कॅन्सरची केमो सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेतून सुरू आहे. त्याची हमाली बंद पडली, वहिनीही त्याच्याजवळच असते. डॉक्टर अंडी, दूध सांगतात. घरात रेशनचा तांदूळ तेवढा. वजन फार घटलं तर पुढचा डोस लांबेल, याचीच धास्ती. काय करू?

उत्तर: ताई, तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज टाका. कॅन्सरचे रुग्ण तिच्यात बसतात, महिन्याला १,५०० रुपये मिळतात. वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा दाखला लागतो, तो आधी काढा. भरती असताना त्याचं जेवण महात्मा फुले योजनेच्या पॅकेजमध्येच असतं, दवाखान्यात या योजनेची मदत करणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा.

उत्तर: माझ्या आईच्या वेळी मी वरणात शेंगदाण्याचा कूट घालायची, सोयाबीनच्या वड्या शिजवायची. स्वस्त पडतं, ताकद येते. तोंड आलं असेल तर तिखट बंद, मऊ खिचडी तूप घालून. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असताना कच्चं काही नको, अंडंही पूर्ण उकडलेलं. आणि वहिनी जेवते का हो? तिच्याकडेही बघा.

प्रश्नकर्ती: ती उरलेलंच खाते. उद्या दाखल्याला जाते, तिलाही सोबत नेते.